टिकली आणि एकवचन

अण्णा, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. धरणाने अडलेल्या भीमेच्या फुगवट्याच्या काठावर पिंड ठेवून लोक मागे सरले, आणि त्यांची पावले थांबण्याआधीच बाभळीवरून एक कावळा उतरला, भातात चोच खुपसून निघून गेला. "सुखानं गेला माणूस, मागं काही ठेवलं नाही," असे कोणीतरी म्हणाले. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांना हायसे वाटले. मला वाटले नाही. मी त्या कावळ्यावर संतापले होते.

कावळा अडला की घरच्यांनी पुढे होऊन वचन द्यायचे असते. तुझ्यामागे हे करू, ते सांभाळू, आता शिव. माझे वचन तयार होते. दहा दिवस मी ते जिभेखाली धरून ठेवले होते, कडुलिंबाच्या कोवळ्या पानासारखे, आणि त्या घाटावर, चारचौघांत, मोठ्याने म्हणणार होते. तू आणि तुझा तो कावळा, दोघांनी मला बोलूच दिले नाही. एवढे मोठे खोटे मागे ठेवून गेलेल्या माणसाचा पिंड इतका सहज कसा शिवतो?

म्हणून येथे बोलते आहे. ऐक. आता 'गुडघे दुखतात' म्हणून तुला उठून जाता येणार नाही.

सारा तालुका तुला 'गप्पीवाले भाऊसाहेब' म्हणायचा. जन्म आपला भवानी पेठेतला, मागांच्या खडखडाटातला. पण तुझे आयुष्य गेले जेऊरच्या आसपासच्या वस्त्यांवर, डासांच्या मागावर. स्कूटरच्या पायाशी पाण्याचा कॅन, कॅनच्या तोंडावर भिजवलेले गोणपाट, आणि आत हिंदकळणारे गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याने दिलेले, बोटाच्या पेराएवढे, फुगल्या पोटाचे, सदा लेकुरवाळे. हौद, रांजण, विहीर, डबके, जेथे पाणी साचले तेथे तू ओंजळभर गप्पी सोडायचास आणि वहीत नोंद करायचास. तुझ्या हातांना कायम शेवाळाचा वास. राखी बांधताना मी नाक मुरडले की म्हणायचास, "शैले, तुमच्या कवितेत याला सुगंध म्हणत असतील की."

टिकलीही तूच दाखवलीस, हे मी विसरलेले नाही. विसरता आले असते तर रागाला सोपे गेले असते.

जेऊरपासून आडबाजूला, माळाच्या पायथ्याशी, कठडा ढासळलेला तो जुना आड आणि त्याच्या भोवतीची खोलगट जमीन. पावसाळ्यात आड तोंडापर्यंत भरतो, ओसंडतो, आणि आडाचे नि जमिनीचे एकच पाणी होते. शिमग्यापर्यंत ते आटते. तळाची माती पापडासारखी उलते, कडा वर वळतात, त्यावर पाय ठेवला की खापरी फुटल्यासारखा आवाज येतो. आडाच्या तळाशी मात्र हातभर पाणी राहते, काळे, गार, कशाचीही वाट पाहू शकणारे. गावाने त्या साऱ्याला एकच नाव दिलेले आहे: आडाचं डबकं.

त्या काठावर तू मला पोटावर झोपायला लावलेस. कॉलेजात कविता शिकवणारी, इस्त्रीची सुती साडी नेसलेली बाई मी. कोपराला चिखल लागला म्हणून कुरकुरले. तू म्हणालास, गप राहा आणि पाण्याच्या पातळीला डोळा आण. मी आणला. पाण्याच्या कातडीला आतून टेकून एक मासा स्तब्ध उभा होता. करंगळीपेक्षा किंचित मोठा. सपाट डोके, वर वळलेले तोंड, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, शेपटीकडे काळसर पट्टे. आणि डोक्याच्या बरोबर मध्यावर एक चकाकता ठिपका. मग ढगाची सावली पाण्यावरून सरकली. मासा पुसला गेला, ठिपका राहिला. त्याच्या पलीकडे दुसरा, तिसरा, मग किती तरी. देवळातून परतणाऱ्या बायकांच्या घोळक्यावर संध्याकाळ उतरावी आणि चेहरे जाऊन फक्त टिकल्या उराव्यात, तसे.

"हितली माणसं टिकलीच म्हणतात," तू म्हणालास. पुस्तकात तिच्या जातीला किलिफिश म्हणतात हेही तूच सांगितलेस. मी म्हणाले, नावावरून मारकुटी दिसते. तेव्हा तू किती हसलास. 'किल' म्हणजे कुठल्याशा परक्या भाषेत ओहोळ. ओहोळातली मासोळी, एवढाच अर्थ. "तुमचं साहित्यवाल्यांचं असंच असतं. शब्द ऐकला की अर्थ आपल्या मनाचा. कुणाला इचारायचं न्हाई." तुझे हे वाक्य मी तेव्हा थट्टेत घेतले. आता ते माझ्या पाठीवर वळासारखे उमटलेले आहे.

आणि त्याच दिवशी, त्याच चिखलात बसून, तू मला समजावलेस की ही मासोळी पाण्याच्या वरच्या थरात राहते, डासांची अळीही तेथेच असते आणि हिच्या पोटात जाते, त्यामुळे जेथे टिकली आहे तेथे गप्पीचे काही काम नाही. उलट गप्पी आली तर हिची पिल्ले खाईल, हिच्या शेपट्या कुरतडेल, आणि उन्हाळ्यात हिच्यामागोमाग आडात उतरून तेथेही तिला टिकू देणार नाही. हे तुला ठाऊक होते, अण्णा. हे मला तुझ्याकडूनच ठाऊक झाले.

तुझ्या वहीत एक रकाना होता: 'गप्पी मासे सोडले : होय / नाही'. 'नाही' लिहिले तर कारण द्यावे लागे. छापील कारणे ठरलेली होती: पाणी आटले, पाणी वाहते आहे, मालकाची हरकत. टिकली हे कारण त्या यादीत नव्हते. म्हणून त्या एका पाण्यापुढे तू दर पावसाळ्यात 'होय' लिहायचास, कॅनचे गोणपाट न उचलता पुढे जायचास. हे मला सांगताना तुझे कान लाल झाले होते. दुकानदाराने चुकून जास्त दिलेली साखरेची पुडी उन्हात परत नेऊन देणारा तू. आयुष्यात एकच खोटी नोंद, आणि तीही एका माशासाठी. मी म्हणाले, अण्णा, ही तुझी पहिली कविता. तू हसला नाहीस. मला तेव्हाच कळायला हवे होते की माझ्या गल्लीत जे शब्द दागिन्यासारखे घालतात, ते तुझ्या गल्लीत माणसाला रुततात.

तू निवृत्त झालास. त्यानंतरच्या श्रावणात मी एकटीच डबक्यावर गेले. ओणवले. पाण्याची कातडी स्तब्ध नव्हती. खालून कोणी फुंकर घालावी तशी सारखी थरथरत होती. नखाएवढ्या शेपट्या, फुगलेली पोटे, एका जागी न राहणारी ती गर्दी. मी ढगाची वाट पाहिली. सावली आली, पाणी काळवंडले, आणि त्यात काहीच चमकले नाही.

तशीच तुझ्याकडे आले. तू ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतास. मी रडत होते, आणि तू सुपातून मान वर केली नाहीस. गप्पी आली कुठून, मी विचारले. एक शेंग फुटली, दुसरी फुटली. मग तू म्हणालास, असेल कुणी आणली. धनगरं मेंढरं पाजायला येतात, त्यांच्या घागरी, बादल्या, इकडचं पाणी तिकडं होतं, आली असेल त्यातून. एवढेच. त्या माणसांवर आरोप केलास असेही नाही. नुसते एक दार किलकिले करून ठेवलेस आणि मला आत जाऊ दिलेस.

मी गेले. धावत गेले. रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. त्यातले एक वाक्य मला आजही पाठ आहे, कारण मी त्याच्या लयीवर फार मेहनत घेतली होती: 'पिढ्यान्‌पिढ्या निर्मळ राहिलेले हे पाणी मेंढपाळांच्या बेफिकीर बादल्यांनी एका पावसाळ्यात विटाळले.' विटाळले. हा शब्द मी निवडला, अण्णा. 'बिघडवले' लिहून खोडले होते, कारण त्याला वजन नव्हते.

तो लेख गावाच्या ग्रामसभेत वाचला गेला. आधीच मेंढरांवर दात असलेल्या मंडळींना छापील आधार मिळाला. आठवड्याच्या आत डबक्याभोवती बाभळीच्या फासांचे, तोडलेल्या काटेरी फांद्यांचे, कुंपण पडले. मेंढरांना तेथे बंदी झाली. मी ते यश मानले. तुला फोन केला तर म्हणालास, "भाषा चांगली उतरलीय." माझ्या लिखाणाचे तू कधी कौतुक करत नसायचास. त्या एका वाक्यावर मी कित्येक दिवस फुलून राहिले. तुला दुसरे काही सुचले नाही का रे? मी विचारते आहे. खरोखर विचारते आहे.

त्यानंतर दर पावसाळ्यात मी म्हणायचे, चल, आडाकडे जाऊन येऊ. तुझे गुडघे दुखायचे. त्याच गुडघ्यांनी तू कुरडयांचे घाणे घेऊन वहिनीच्या मागे गच्चीचे जिने चढायचास. मी ते पाहिले आणि पाहिले नाही.

तू गेलास त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. स्मशानातून माणसे परतली, अंघोळी झाल्या, आणि रिवाजाप्रमाणे बाहेरून कडू घास आला. तो घेऊन आली ती एक उंच, वाळलेली म्हातारी. डोक्यावर पाटी, पाटीत फडक्यात बांधलेले पिठले-भाकरी, अंगाला लोकरीचा आणि धुराचा वास. वहिनीने सांगितले, ही बायडाबाई, आडाजवळच्या धनगरवाड्यातली. मी दचकले. तिला मी आजवर केवळ अनेकवचनात ओळखत होते.

मी जेवायला तयार नव्हते. तिने भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, घास माझ्या हातावर ठेवला. "घ्या, बाई. कडू आसला तरी गिळावाच लागतोय." मी गिळला. ती उंबऱ्याशी टेकली आणि तुझ्याविषयी बोलू लागली. भाऊसाहेब लई भला माणूस, नातीला ताप आला तेव्हा स्कूटरवर घालून दवाखान्यात नेली, डागदर येईपर्यंत हलले नाहीत. "पर त्या दिसापासनं हासलं न्हाईत वो कदी." मी विचारले, कोणत्या दिवसापासून. ती म्हणाली, "आडात मासं वतलं त्या दिसापासनं."

मग तिने जे सांगितले ते मी पुन्हापुन्हा विचारून घेतले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरले. तुझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवसांतली गोष्ट. तू कॅन घेऊन आलास. पाण्याकाठी चपला काढल्यास, देवळात काढाव्यात तशा. बराच वेळ उभा राहिलास. मग गोणपाट सोडलेस आणि कॅन उपडा केलास. खाली बसून तोंडावर रुमाल धरलास. ती मेंढरांमागे होती, जवळ आली, काय झालं म्हणून विचारले. तू म्हणालास, "कागद खरा केला, बायडाबाई."

तेवढे ऐकले आणि मला सारे समजले. दुसऱ्या कोणाला ते समजले नसते. दुसऱ्या दिवशी तुला चार्ज द्यायचा होता. नव्या माणसाच्या हाती वही जाणार, त्यात वर्षानुवर्षे 'होय', आणि पाण्यात गप्पीचे शेपूटही नाही. खोटी वही हातात देणे तुला जमेना. 'होय' खोडून 'नाही' लिहिण्याचे धाडसही होईना. मग तू शब्दाला हात लावला नाहीस, पाणी बदललेस. शाई तशीच ठेवून जग तिच्याशी जुळवून घेतलेस.

कोणता माणूस असे करतो, अण्णा? लबाड माणूस हे कधी करणार नाही. लबाड माणसाने वही फेकून दिली असती, आणि टिकली आज जिवंत असती. तू दोनदा खोटे बोललास. पहिल्या खोट्याने एक मासोळी जगवली. दुसऱ्याने एक म्हातारी रुळापलीकडे धाडली. आणि या दोन खोट्यांच्या मध्ये जे एकच खरे काम तू केलेस, त्याने ते पाणी मेले. तुझा प्रामाणिकपणा मी लहानपणापासून देवघरातल्या समईसारखा पाहत आले. तिनेच घर पेटवले.

रुळापलीकडे म्हणते, कारण बंदी झाल्यावर बायडाबाईची मेंढरे पाण्यासाठी रोज रेल्वे ओलांडू लागली. तिच्या दोन गाभण मेंढ्या रुळावर गेल्या. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. पाऊस लांबला हे सांगावे तसे सांगितले. मी विचारले, तुम्ही ग्रामसभेत का बोलला नाहीत? तर म्हणाली, भाऊसाहेब तिथंच बसलेले होते, मी तोंड उघडले असते तर त्यांची मान खाली गेली असती.

तू तेथे बसला होतास. हे मला ठाऊक नव्हते. माझा लेख मोठ्याने वाचला जात असताना, माझे ते लयदार वाक्य त्या खोलीत फिरत असताना, तू सतरंजीवर मांडी घालून बसला होतास, आणि ज्या बाईला ते वाक्य लागले तिने तुझी मान सांभाळली.

निदान मला तरी सांगायचे, मी तिला म्हणाले. माझा आवाज चढला होता. तिचा चढला नाही.

"तुमी इचारलं कुटं, बाई? तुमी आलाच न्हाई. पेपरच आला."

त्यानंतर मी उरलेली भाकरी खाल्ली. सगळी. तिच्यादेखत.

तुझ्यावरचा राग तेथे दुभंगला आणि अर्धा माझ्याकडे वळला. पण म्हणून तुझा वाटा कमी झालेला नाही. मला तुझ्याशी भांडायचे होते. समोर बसून, तुझ्या हातातले सूप हिसकावून. मला विचारायचे होते की आपल्या बहिणीला, जिने तुझे पहिले खोटे कविता म्हणून मिरवले, तिला तू नंतरचे खरे का सांगू शकला नाहीस. मी लेख लिहीन याची भीती वाटली, की मी समजून घेईन याची? तुझे उत्तर मला ऐकू येते, आणि ते शेंग फुटल्याच्या आवाजाचे आहे.

तरीही, आणि हे लिहिताना मला स्वतःचीच चीड येते, त्या चिखलात पोटावर झोपवून तू मला जे दाखवलेस त्याच्या तोलाचे मला कोणत्याही पुस्तकाने दाखवलेले नाही. पाण्याच्या पातळीला डोळा आणायला तू शिकवलेस. मीच लिहिताना माडीवर जाऊन बसले.

दहाव्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायडाबाईकडे गेले. सांगितले, मी पुन्हा लिहिणार आहे, खरे काय ते. तिने चहा टाकला, बशीत ओतला, माझ्यापुढे सरकवला. काय लिवनार, विचारले. मी मनात वाक्य घोळवलेच होते; म्हणून दाखवले: 'या पाण्याचा घात मेंढपाळांनी केला नाही; तो आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातून झाला.' तिने चुलीत एक काटकी सारली.

"आता त्येंची पाळी व्हय?"

मला कळले नाही. तेव्हा तिने समजावले, लहान मुलीला समजावतात तसे. मागच्या वेळी तुम्ही 'धनगरं' लिहिले. नाव एकाचेही नाही. म्हणून सगळेच आले त्यात. माझी सून आली, करमाळ्याला शिकणारी नात आली, तिला शाळेत पोरींनी बादली म्हणून चिडवले. "येकाचं नाव घातलं आसतं तर येकच बुडालं आसतं. आता म्हनं कर्मचारी. त्येंची बी लेकरं शाळंत जात्यात की." आणि मग, चूल फुंकता फुंकता, माझ्याकडे न पाहता: "भाऊसायबाचं नाव जड वाटतंय ना तुमास्नी? मग नका लिवू. मी कुटं मागाय आली?"

आयुष्यभर मी व्याकरण शिकवले. अनेकवचनाच्या आड किती माणसे लपू शकतात आणि किती चिरडली जाऊ शकतात, हे मला एका बशीभर चहावर कळले.

आम्ही दोघी डबक्यावर गेलो. कुंपण काढावे म्हणून ग्रामपंचायतीत मी अर्ज दिलेला आहे, पण त्याच्या उत्तरासाठी आम्ही थांबलो नाही. तिने कोयत्याने फास तोडले, मी ओढून बाजूला टाकले. माझ्या तळहातांत काटे मोडले. एक अजून करंगळीशेजारी आहे, लिहिताना टोचतो. वाट मोकळी झाली तशी मेंढरे आत आली, गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरली, आणि त्यांच्या पिण्याचा तो शांत, चोखल्यासारखा आवाज काठभर पसरला. त्यांच्या तोंडांपुढून गप्पी पांगत होत्या. मी ओणवले. सावली येण्याची वाट पाहिली. सावली आली. टिकली दिसली नाही. वरच्या अंगाला ओढ्यात एखादी असेल, असे बायडाबाई म्हणते. मला धीर द्यायला म्हणते की खरेच, ते मी तिला विचारले नाही. पाणी ओसरल्यावर जाऊन स्वतः पाहीन, आणि पाहीपर्यंत त्याबद्दल काही लिहिणार नाही.

तर अण्णा, कावळ्याने जे ऐकून घेतले नाही ते तू ऐक. हा लेख मी त्याच पुरवणीकडे पाठवते आहे. पुढच्या ग्रामसभेत तो मी उभी राहून वाचणार आहे. वहिनीला हे सांगितले आहे, आणि ती माझ्याशी बोलत नाही. तू म्हणशील, भाषा चांगली उतरलीय. म्हणू नकोस. शेवटी मी भाषा ठेवलेलीच नाही. तुझ्या वहीसारखे रकाने पाडले आहेत.

ठिकाण : आडाचं डबकं.

गप्पी मासे सोडले : होय.

कोणी : दत्तात्रय, माझा थोरला भाऊ.

बायडाबाईच्या माणसांवर खोटे कोणी लिहिले : शैला, त्याची बहीण. न विचारता.

बघ. मीही कागद खरा केला.